अर्धं पाऊल मागे

“आज पण थांबल्या बघ.”

गायनमंडळाच्या बाकावरून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली. प्रार्थना चालू होती आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असायला हवे होते. माझेही उघडेच होते, त्यामुळे मला कुणाला काही म्हणता येणार नाही.

कल्याणच्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठी आणि इंग्रजी उपासना एकत्र होते. त्या दिवशी येशूने शिकवलेली प्रार्थना प्रत्येकजण आपापल्या भाषेत म्हणतो. मराठी, इंग्रजी, मल्याळम, तेलुगू, सगळं एकदम. बाहेरच्याला तो गोंगाट वाटेल, पण रोज म्हटलेल्या गोष्टीला एक चाल पडते आणि त्या चालीत सगळ्या भाषा साधारण एकत्र पुढे सरकतात. रोजच्या भाकरीचं मागणं मागताना सगळे थोडे रेंगाळतात. त्याच्या पुढची ओळ क्षमेची. आमचं ज्यांनी वाईट केलं त्यांना आम्ही सोडून दिलंय, तसं तूही आम्हाला सोडून दे, असा तिचा अर्थ. ही ओळ सगळे जरा घाईने म्हणतात.

अन्नम्मा आंटी ती म्हणत नव्हत्या. मला मल्याळम येत नाही, पण ओठ दिसतात. भाकरीपर्यंत ते हलत होते. मग ते बंद झाले, सगळ्या भाषा त्यांना ओलांडून पुढे गेल्या आणि पुढच्या ओळीला आंटी पुन्हा त्यांच्यात येऊन मिळाल्या.

“पोराचं झाल्यापासून असंच,” दुसरी बाई म्हणाली. “पण एवढं मनात ठेवून कसं चालेल? आपल्याकडे चालत नाही ते.”

मग ‘आमेन’ झालं आणि मी माइककडे सरकले. पाहुण्यांचा उपदेश इंग्रजीत होता आणि तो मराठीत सांगायचं काम माझं होतं.

मी दुभाषी आहे. आठवडाभर ठाण्याच्या एका छोट्या ऑफिसात बसून संडे स्कूलचे पाठ, पत्रकं, व्हिडिओखाली येणाऱ्या ओळी असं इंग्रजीतून मराठीत आणते आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्या वक्त्यांच्या शेजारी उभी राहते. माझ्या वयाच्या मुलीने दिवाळी अंकात अनुभव लिहावेत का, अशी शंका मी संपादकांना बोलून दाखवली. ते म्हणाले, वय सोडा, काम काय करता ते लिहा. म्हणून कामाबद्दल लिहिते. स्वतःबद्दल लिहायला सांगितलं असतं तर बहुतेक नाही म्हटलं असतं.

दुभाष्याची जागा ठरलेली असते. वक्त्याच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. कारण असं की लोकांनी ऐकावं तुमचं आणि बघावं वक्त्याकडे. प्रत्यक्षात तसं होत नाही. ज्याच्या तोंडून समजतं त्याच्याकडेच माणूस बघतो. मी इतकी वर्षं लोकांच्या नजरेसमोर उभी राहतेय, आणि त्यातल्या कुणालाही माझं नाव नीट सांगता येणार नाही. रूथ. पण बहुतेक जण ‘ट्रान्सलेशनवाली’ म्हणतात.

नियम दोनच आहेत. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि वक्त्याचं काही गाळायचं नाही. तिसरी एक सवय आहे, ती नियमाइतकीच पक्की. वक्ता ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ असं एकदा सुरू केलं की उपदेशाची बातमी होते.

मी या कामात आले ती घसा बसल्यामुळे. माझा नाही, दुसऱ्याचा. कॉलेजात असताना चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात ठरलेल्या दुभाष्याचा आवाज गेला आणि पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, समोर बसलेल्या मला उठवलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तिथे मला हजेरीसुद्धा दोनदा द्यावी लागायची, कारण पहिली बाईंना ऐकूच जायची नाही. आणि माझं मराठी घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेतून आलेलं. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द मला ‘उलथनं’च्या आधी माहीत होता. पण त्या दिवशी उभी राहिले आणि वक्त्याचं पहिलं वाक्य माझ्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं. वाक्य दुसऱ्याचं असलं की मला भीती वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यावर मी आजपर्यंत पोट भरतेय.

काम म्हटलं की फजितीही आली. एका मे महिन्यात डोंबिवलीच्या हॉलमध्ये वीज गेलेली असताना थंड देशातून आलेले एक वक्ते देवाच्या प्रेमाला घरातल्या पेटत्या शेकोटीची उपमा देत होते. मी प्रामाणिकपणे ‘ऊब’ म्हणत राहिले आणि लोक गाण्याच्या कागदांनी वारा घेत राहिले. दुसरा एक प्रसंग पपांचा. पपा त्या वेळी रेल्वेत नोकरीला होते, आईसोबत गावी राहायला अजून गेले नव्हते. रविवारी माझा डबा घेऊन ते मागच्या खुर्चीवर बसायचे. त्या दिवशीच्या वक्त्याने स्वतःच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील दारू प्यायचे, घरात मारहाण, मुलं उपाशी. मग मरणाच्या दारात मुलाने त्यांना क्षमा केली. मी सगळं ‘माझे वडील, माझे वडील’ करत सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. उपासना संपल्यावर एक मावशी वक्त्याला टाळून थेट माझ्याकडे आल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “किती सोसलंस गं बाळा.” तेवढ्यात पपा डबा घेऊन पुढे आले आणि कुणीतरी त्यांना माझे वडील म्हणून हाक मारली. मावशींनी त्यांना ज्या नजरेने खालपासून वरपर्यंत पाहिलं, ती मी विसरणार नाही. पपांनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नाही. रिक्षात त्यांनी डबा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “पिणं समजू शकतो. पण मी वारलो हे मला घरी सांगायला हवं होतं.”

आम्ही खूप हसलो. पण नंतर मला त्या मावशींचे हात आठवत राहिले. त्यांनी धरलेले हात माझे होते आणि माया दुसऱ्याच कुणासाठी होती. असं पुष्कळदा होतं. लोक येऊन रडतात, आशीर्वाद देतात, त्यांचं गुपित सांगतात. मग त्यांच्या लक्षात येतं की मी फक्त सांगणारी होते. ते जरा ओशाळतात आणि जातात. मी माइकची वायर गुंडाळते.

आता आईपपा गावी आहेत आणि मी टिटवाळ्याला एका नव्या इमारतीत एकटी राहते. अर्ध्या फ्लॅटना अजून कुलपंच आहेत. समोरच्या सावंतकाकूंनी एकदा दार लावता लावता विचारलं, “तुमच्यात नेमकं काय मानतात गं? म्हणजे सांताक्लॉज सोडून.” त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “असंच. प्रार्थना वगैरे.” काकू ‘बरं’ म्हणाल्या आणि आत गेल्या. ज्या विषयावर मी दर आठवड्याला भर सभेत तासतासभर बोलते, त्यावर स्वतःच्या जिन्यात मला तीन शब्दांपलीकडे जाता आलं नाही.

काकूंना काय सांगायला हवं होतं ते मी नंतर एकटीने बरेचदा जुळवून पाहिलंय. सगळ्यात मुळाशी असलेली गोष्ट अशी, की देवाने निरोप पाठवला नाही, तो स्वतः आला. माणसाचं शरीर घेऊन, भूक आणि ताप आणि मरण यांच्यासकट. नाताळ तो एवढाच आहे, बाकी सजावट. दुसरं, माणसाची चूक भरून काढायची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली, म्हणून आम्हाला मिळालेली माफी ही कमाई नाही, फुकट आहे. ती फुकट मिळाली म्हणूनच पुढे द्यावी लागते. तिसरं, तो मरणातून उठला, आणि म्हणून आमची माणसं संपलेली नाहीत, ती परत भेटतील. एवढ्या तीन गोष्टींवर आम्ही रविवारी उठून चर्चला जातो, माणसं पुरतो आणि भांडणं मिटवतो. निदान मिटवायला हवीत हे आम्हाला माहीत असतं.

यातली पहिली गोष्ट माझ्या धंद्याला फारशी सोयीची नाही. देवाला दुभाष्यावर काम भागवता आलं असतं. त्याने ते पुरेसं मानलं नाही.

या कामात एक चूक अशी आहे जी फक्त चर्चमधल्या दुभाष्यांकडूनच होते. कंपन्यांच्या मीटिंगमध्ये काम करणाऱ्यांना वक्ता पुढे काय बोलणार हे माहीत नसतं. आम्हाला माहीत असतं. गोष्टी त्याच, वचनं तीच, लहानपणापासून पाठ. त्यामुळे वक्त्याने अर्धं वाक्य उच्चारलं की उरलेलं अर्धं आपल्या तोंडून आपोआप निघून जातं. माझ्याकडून ते एका वयोवृद्ध धर्मगुरूंच्या उपदेशात झालं. घर सोडून गेलेला मुलगा उधळपट्टी करून परत येतो आणि बाप त्याला लांबून बघतो, ही गोष्ट ते सांगत होते. ते म्हणाले, बापाने मुलाला लांबून पाहिलं आणि. मी पुढचं बोलून गेले, की बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला. पण ते तसं म्हणणार नव्हते. ते म्हणाले, बापाने पाहिलं आणि तो आधी मटकन खाली बसला, कारण त्याच्या पायांत बळच राहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना त्या बसण्याबद्दलच बोलायचं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण लोकांचे चेहरे त्यांच्या हिशेबापेक्षा आधीच निवळले होते, त्यावरून त्यांनी ओळखलं.

नंतर चहाच्या वेळी ते माझ्यापाशी आले. रागावले नाहीत. म्हणाले, “मुली, तुला गोष्ट फार चांगली येते. माणसासाठी थांबत जा.”

आता आंटींकडे येते.

अन्नम्मा आंटी नर्स होत्या. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात त्यांनी नोकरी संपवली. नवरा रेल्वेत होता, कल्याणच्या रेल्वे कॉलनीत राहायचे तेव्हापासून आमच्या चर्चला येणं. तो गेल्यावर त्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा जोबी डोंबिवलीला राहायचे. जोबी ठाण्यात कामाला होता. खोपटच्या वळणावर त्याची मोटरसायकल एका टेम्पोखाली आली. टेम्पो चालवणारा माणूस कल्याणजवळच्या मोहन्याचा, नाव दिलीप. त्याच्यावर केस झाली, जामीन झाला, ती केस अजून चालू आहे आणि तिच्याबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. आंटीही कधी काही म्हणाल्या नाहीत. कोर्टाचं कोर्ट बघेल, असं त्यांचं होतं.

दफनविधीला मी होते. तिथे सगळ्यांनी आंटींना तेच सांगितलं जे आम्ही सांगतो. तो प्रभूजवळ आहे. तो झोपलाय. तुम्हाला भेटेल. यातलं काहीही खोटं नाही, निदान मी ते खोटं मानत नाही. आंटींनी प्रत्येकाला मान हलवून उत्तर दिलं.

मग ईस्टर आला. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे कबरस्थानात उपासना होते. लोक आपापल्या कबरी धुतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात आणि उजाडता उजाडता सगळे मिळून गातात की तो उठला आहे. वर्षातली माझी सगळ्यात आवडती वेळ. त्या दिवशी दुभाष्याचं काम नव्हतं, म्हणून मी मागे उभी होते, आणि आंटी जोबीच्या कबरीजवळून उठून माझ्याशेजारी येऊन थांबल्या. आम्ही तोपर्यंत फारसं बोललेलो नव्हतो. त्या माझ्याशी इंग्रजीत बोलतात, इथे मी ते मराठीत लिहितेय.

“तो उठेल यावर माझा विश्वास आहे,” त्या म्हणाल्या. “अगदी पूर्ण. पण घरात लोणच्याची बरणी आहे, तिचं झाकण तोच उघडायचा. माझ्या बोटांत आता जोर नाही. ती तशीच आहे.”

तिथे कुणीतरी दुसरा बोलणारा असता तर मी त्याचं फार चांगलं मराठी केलं असतं. मी नुसती उभी राहिले. आंटींना ते चाललं असावं, कारण उपासना संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

त्यानंतरचा तो एकत्र उपासनेचा रविवार, ज्या दिवशी गायनमंडळाच्या बायका बोलल्या. चर्चमध्ये एव्हाना हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं होतं. कुणी दुष्टपणे बोलत नव्हतं. पण आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. ज्याच्या आयुष्यात देवाने काही केलं, तो उठून सगळ्यांसमोर ते सांगतो. आजारी होतो, बरा झालो. राग होता, क्षमा केली. लोक वाट बघतात अशा गोष्टीची. आंटींच्या गोष्टीचा शेवट सगळ्यांना पाठ होता, फक्त आंटी तो सांगायला उठत नव्हत्या. कमिटीतल्या एका सरांनी मला विचारूनही ठेवलेलं, की आंटींची साक्ष झाली तर मराठीत तूच सांगशील ना.

उपासना संपल्यावर मी वायर गुंडाळत होते, तेव्हा आंटी आल्या. म्हणाल्या, “मला मोहन्याला त्या माणसाच्या घरी जायचंय. माझ्याबरोबर येशील?”

मी विचारलं, पाळकांना घेऊया का. त्यांनी नको म्हणून मान हलवली. “पाळक आले की प्रार्थना होते, आणि प्रार्थना झाली की सगळे उठतात. मला थोडं बसायचंय.”

मी म्हटलं, तुम्हाला हिंदी येतं की. त्यावर त्या म्हणाल्या, “माझं हिंदी भाजीबाजारातलं आहे. आणि मराठी वॉर्डातलं. कुठे दुखतं, कुशीवर व्हा, गोळी घेतली का. हे त्यात बसणार नाही.” मग म्हणाल्या, “मला ती ओळ परत म्हणता यायला हवी. ती सोडून बाकीची प्रार्थना करते, तेव्हा वाटतं मी कुणाच्या तरी घरात चोरून बसलेय. तिथे जाऊन त्याला सांगितलं, की मग म्हणता येईल.”

मोहन्यातल्या आमच्या एका सभासदाने निरोप नेला. दिलीपच्या बायकोने उलट निरोप दिला, की दुपारी या, ते तेव्हा घरी असतात.

जुन्या रेयॉन कारखान्याच्या बाजूची ती चाळ. एक खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली खिळ्याला मुलांचे शाळेचे गणवेश. खुर्च्या दोनच होत्या, तिसरी शेजारून आणलेली दिसत होती, कारण तिचा रंग वेगळा होता. दिलीप कॉटच्या कडेला बसला. तिशी ओलांडलेला असावा. हात दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले, नजर फरशीवर. तो आता गाडी चालवत नाही, माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो, हे त्याच्या बायकोने सांगितलं. तिचं नाव उज्ज्वला. तिने आम्हाला पाणी दिलं आणि खुर्ची आमच्यासमोर ओढून बसली. अर्धं पाऊल मागे उभं राहायला त्या खोलीत जागाच नव्हती. मी आंटी आणि कॉट यांच्या मध्ये बसले.

“एक आधीच विचारते,” उज्ज्वला मला म्हणाली. “धर्माचं सांगायला आला असाल तर आम्हाला आमचं आहे.”

मी ते आंटींना इंग्रजीत सांगितलं. आंटी म्हणाल्या, नाही, त्यासाठी नाही. मी ते मराठीत सांगितलं.

उज्ज्वला जरा सैल झाली. म्हणाली, “निरोप घेऊन आलेला तो सांगत होता, तुमच्याकडे माफ करावंच लागतं म्हणून.”

हेही मी सांगितलं. आंटींच्या चेहऱ्यावर जवळजवळ हसू आलं. “तिला सांग, हो, लागतं. म्हणूनच एवढा वेळ लागला.”

मी तसंच सांगितलं. उज्ज्वलाने त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. मग ती चहा ठेवायला उठली आणि खोलीत आम्ही तिघंच राहिलो.

दिलीप तोंड उघडेल असं मला वाटलं नव्हतं. पण तो फरशीकडे बघतच म्हणाला, “हॉर्न दिलेला मी.”

एवढंच. खरं सांगायचं तर ते गाळावं असं वाटलं. एका आईला हे सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? पण नियम म्हणजे नियम. मी ते इंग्रजीत सांगितलं. आंटींनी डोळे मिटले आणि उघडले. मग माझ्याकडे न बघता, माझ्यावरून पलीकडे वाकून त्यांनी त्याला थेट विचारलं. त्यांच्या वॉर्डातल्या मराठीत, मल्याळी हेल काढून.

“झोप येते का?”

दिलीपने मान हलवली. नाही.

“जेवण?”

“जातं थोडं.”

“डॉक्टरला दाखवलं?”

त्याने हात गुडघ्यांमध्ये आणखी दाबून धरले. आंटी त्या हातांकडे बघत होत्या. आयुष्यभर ज्या नजरेने त्यांनी खाटांवरची माणसं बघितली असतील, त्याच नजरेने. या एवढ्या बोलण्यात माझी कुणालाच गरज पडली नाही. मला त्याचं बरं वाटलं, आणि थोडं एकटंही.

उज्ज्वलाने चहा आणून ठेवला. आंटींनी कप हातात घेतला नाही. त्यांनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि इंग्रजीत सुरुवात केली. मी बरोबरीने मराठीत सांगू लागले.

मी जोबीची आई आहे.

माझा एकच मुलगा होता.

मी आज इथे हे सांगायला आले आहे, की मी तुम्हाला.

आणि आंटी थांबल्या. मीही ‘मी तुम्हाला’वर थांबले.

त्यांचे ओठ उघडे होते. चर्चमध्ये बंद होतात तसे नाही, उघडे. पुढचा शब्द अगदी दाराशी आलेला दिसत होता. पण तो येईना. शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. कुणाचं तरी मूल गॅलरीतून पळत गेलं. दिलीपने मान वर केली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. तो आंटींकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. उज्ज्वलाही.

ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. किती वेळा सांगितलेलं, किती जणांच्या वतीने. दोन शब्द उरले होते. ते मी बोलले असते तर त्या माणसाला कदाचित त्या रात्री झोप लागली असती. उज्ज्वला रडली असती. आंटींना तो शब्द ओळखीचा आहे, त्यांनी बहुधा मला अडवलंही नसतं. पुढच्या महिन्यात साक्ष झाली असती आणि गायनमंडळाच्या बाकावरून हुंदके ऐकू आले असते. शेवट सगळ्यांना पाठ होता, मलाही. गोष्ट फार चांगली येत असली की असं होतं.

पण तो माझा शब्द नव्हता. आणि आंटींचाही अजून झालेला नव्हता. समोर एक बाई होती जी देवाने घातलेल्या अटीच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आली होती आणि उंबऱ्यावर तिच्या पायांतलं बळ गेलं होतं. तिच्या वतीने मी आत धावत जाणं बरोबर नव्हतं.

मी थांबले. आंटींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही, आणि त्या उठल्याही नाहीत. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. त्या हाताने मला बोल असंही सांगितलं नाही आणि बोलू नकोस असंही नाही. तो नुसता तिथे राहिला. बऱ्याच काळाने कुणीतरी माझा हात माझाच समजून धरला होता.

चहावर साय धरली. दिलीप अजून माझ्याकडेच बघत होता.

शेवटी उज्ज्वलाला राहवलं नाही. ती पुढे झुकली आणि अगदी हळू मला म्हणाली, “काय म्हणतात त्या?”

मी आंटींकडे बघितलं. त्या काही सांगत नव्हत्या. म्हणजे आता जे बोलायचं ते कुणाचंच नव्हतं, मलाच बोलावं लागणार होतं. आवाज बारीक निघाला, शाळेत हजेरी देताना निघायचा तसा. पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

“ताई, त्या अजून काही म्हणाल्या नाहीत,” मी म्हटलं. “पण त्या स्वतः आल्यात.”